हमी तीन वर्षांची, हप्ते सात वर्षांचे

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील चोरखमारा हे गाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते दोन कारणांनी. ब्रिटिश अमदानीत बांधलेला तेथील विस्तीर्ण जलाशय हे एक आणि नागझिरा अभयारण्यात शिरण्याचे तेथील दार हे दुसरे. एरवी धानाच्या बांध्या, पावसाळ्यातील चिखल आणि बाजारहाटासाठी तिरोडा, अशी ही झाडीपट्टीतील इतर गावांसारखीच वस्ती आहे. गेल्या उन्हाळ्यात या रस्त्याने जात असता एक दृश्य दिसले. एक उंच, ऐटबाज, चकचकीत कुटुंबगाडी दोराने ट्रॅक्टरला बांधलेली होती आणि तिरोड्याच्या दिशेने फरफटत चालली होती. चक्राशी प्रस्तुत लेखकाचे एक शिक्षक स्नेही बसले होते. अभयारण्याच्या दाराशी तीन-चार जुन्या जिप्सी पर्यटकांची वाट पाहत उभ्या होत्या. १९८५ साली बाजारात आलेली आणि आता तयारही न होणारी ही गाडी. तिचे चालक बिड्या ओढीत ही मिरवणूक पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर उपहास नव्हता. थोडी सहानुभूती होती, आणि तीच स्नेह्यांना अधिक बोचली असावी.

हकीकत साधी आहे. कर्ज काढून घेतलेली डिझेलची गाडी. कर्ज सात वर्षांचे, कंपनीची हमी तीन वर्षांची. चौथ्या वर्षी डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती म्हणून दोन आठवडे त्याच्याकडे दुर्लक्ष झाले. मग गाडी लंगडू लागली. चढावर दम धरीना. तिरोड्याच्या ज्या मिस्त्रीने स्नेह्यांच्या वडिलांची जीप वीस वर्षे जिवंत ठेवली, त्याने बॉनेट उघडले, क्षणभर पाहिले आणि पुन्हा बंद केले. ‘‘गुरुजी, हे आपल्या हातचं नाही राहिलं जी. नागपूरले घेऊन जा, तिथं मशीन लावून पाहतील,’’ एवढेच तो म्हणाला. नागपूर येथून शंभर किलोमीटरच्या पलीकडे आहे. तेथील अधिकृत कार्यशाळेने जे अंदाजपत्रक हाती दिले ते १,८४,००० रुपयांचे होते. धुराड्यातील काजळीची जाळी बदलावयाची, चार इंजेक्टर बदलावयाचे, टर्बो तपासून ‘लागल्यास’ बदलावयाचा. या ‘लागल्यास’ शब्दाची रक्कम निराळी होती.

एका गुरुजींची गाडी बिघडली म्हणून वृत्तपत्राचे रकाने का भरावेत, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु ज्यांना हल्ली एसयूव्ही म्हणतात त्या उंच गाड्या आज केवळ धनिकांच्या राहिलेल्या नाहीत. आपल्याकडे त्यांची वंशावळ जीपपासून सुरू होते. पुण्यात बनलेली टाटा सुमो १९९४ साली आली. पुढे महिंद्रची बोलेरो २००० साली आणि स्कॉर्पिओ २००२ साली आली, आणि या दोन्ही गाड्यांशी नाशिकच्या कारखान्याचे नाव जोडलेले आहे. म्हणजे हा उद्योग बऱ्याच अंशी महाराष्ट्राच्या भूमीत वाढला. खेड्यापाड्यांत काळी-पिवळीतून कोंबून प्रवास केलेल्या पिढीने, हाती पगार येताच, त्याच बांध्याची पण स्वतःची गाडी घेतली यात नवल नाही. रस्ता खराब असतो, घरात म्हातारी माणसे असतात, आणि रात्री-अपरात्री कोणाला छातीत कळ आली तर नागपूर गाठावे लागते. शहरातील माणूस उंच गाडी हौसेने घेत असेल. चोरखमाऱ्याच्या रस्त्यावर ती पुष्कळदा गरजेने घेतली जाते.

जुनी इंजिने अमर होती असे मात्र कोणी समजू नये. स्मरणरंजनात माणूस जुन्या सासूलाही प्रेमळ ठरवतो. प्यूजोच्या आराखड्यावर बनलेली डिझेल इंजिने ज्या जीपांत असत, त्या धूर ओकत, तेल पीत, हिवाळ्याच्या सकाळी दहा माणसांच्या ढकलण्यावाचून सुरू होत नसत. बोरिंग करणे, रिंग-पिस्टन टाकणे, हाफ इंजिनचे काम काढणे हे काही वर्षांनी ठरलेलेच असे. फरक इतकाच की ते काम तालुक्यात होत असे, त्याचा खर्च आधी अंदाजता येत असे, आणि जो भाग झिजला तेवढाच बदलला जात असे. बिघाड हा माणसाच्या आवाक्यातला होता. आज इंजिन पूर्वीपेक्षा कमी वेळा बिघडते हे निःसंशय खरे. परंतु बिघडते तेव्हा ते एका मध्यमवर्गीय घराचे वर्षाचे गणित मोडते.

असे का होते हे समजून घेतल्यावाचून कोणावर रोष धरणे योग्य नव्हे. जुन्या इंजिनात डिझेल ज्या नोझलमधून उडत असे, ते उघडण्याचा दाब शे-दोनशे बारच्या आसपास असे. आजच्या कॉमन रेल पद्धतीत तो दोन हजार बारपर्यंत जातो. गाडीच्या चाकात हवा असते ती दोन-सव्वादोन बारची. त्यावरून कल्पना करावी. एवढ्या दाबाखाली इंधन काटेकोर क्षणी आणि काटेकोर मात्रेत सोडणाऱ्या इंजेक्टरमधील फट मायक्रॉनमध्ये मोजली जाते. खेड्यात पंप दूर म्हणून डिझेल कॅनमधून आणण्याची रीत आहे. त्या कॅनच्या तळाशी पाण्याचे दोन थेंब आणि चिमूटभर धूळ असते. जुन्या पंपाने ती पचवली असती, नवा इंजेक्टर पचवीत नाही.

दुसरी गोष्ट काजळीच्या जाळीची. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे प्रदूषण-निकष लागू झाले. प्रवासी डिझेल मोटारींच्या धुरातील कणांची मर्यादा आधीच्या निकषात किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम होती, ती साडेचार मिलिग्रॅमवर आली. नायट्रोजनच्या ऑक्साइडची मर्यादा २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. ही मर्यादा पाळावयाची तर धुराड्यात काजळी अडवणारी जाळी हवीच. जाळी भरते, मग ती जाळून मोकळी करावी लागते, आणि त्यासाठी धुराचे तापमान सहाशे अंशांच्या जवळपास न्यावे लागते. हमरस्त्यावर गाडी पंधरा-वीस मिनिटे एकसारख्या वेगाने धावली की हे काम आपोआप होते. आमच्या गुरुजींची गाडी मात्र रोज सहा किलोमीटर शाळेत जाई व सहा किलोमीटर परत येई, तीही खड्डे चुकवीत, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. इंजिन धड तापण्यापूर्वीच बंद होत असे. तापमान वाढावे म्हणून इंजिन स्वतःहून थोडे जादा डिझेल सोडते. मध्येच किल्ली फिरवली गेली की त्यातील काही सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून खालच्या तेलात मिसळते. वंगणाचे तेल पातळ होते. त्या तेलावरच टर्बोचे आणि क्रँकचे बेअरिंग जगत असते. काडी लावून तेलाची पातळी पाहणाऱ्यास ती वाढलेली दिसते. तो समाधान पावतो, आणि तेच खरे धोक्याचे चिन्ह असते!

विदर्भातील उन्हाळ्याची भर निराळी. ॲल्युमिनियमचे हेड एकदा अति तापले की वाकते, हेड गॅसकेट उडते. कूलंट संपले म्हणून विहिरीचे जड पाणी रेडिएटरमध्ये ओतणारा चालक आपण गाडी वाचवीत आहोत असेच समजत असतो. क्षारांचे थर पुढच्या उन्हाळ्यात हिशेब चुकता करतात. पावसाळ्यात पुलावरच्या पाण्यात गाडी बंद पडली आणि ती पुन्हा सुरू करण्याचा यत्न केला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि नेहमीची सर्वंकष विमा-पॉलिसी अशा परिणामस्वरूप हानीकडे पाठ फिरवते. इंजिन-संरक्षणाचे जोडकलम निराळे घ्यावे लागते, हे विमा एजंट पाणी ओसरल्यावर सांगतो.

यावर काही मंडळींनी एक सोपा उपाय शोधला आहे. जाळी कापून काढावयाची, गाडीच्या मेंदूत फेरफार करून दिवा विझवावयाचा, आणि मोकळ्या धुराड्याने हिंडावयाचे. पंधरा-वीस हजारांत काम होते असे सांगतात. हा उपाय बेकायदेशीर आहेच, शिवाय तो निंद्य आहे. जी काजळी जाळीत अडकत होती ती शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या मुलांच्या छातीत जाणार. स्वच्छ हवेचे निकष चुकीचे होते असे म्हणण्यात अर्थ नाही. ते दहा वर्षे आधी यावयास हवे होते. प्रश्न एवढाच आहे की स्वच्छ हवा साऱ्या समाजाची आणि तिचा बिघडलेला खर्च मात्र चोरखमाऱ्याच्या रस्त्यावरील एका गाडीमालकाचा, ही वाटणी कोणी ठरवली?

विक्रेत्याच्या दालनात गाडी घेताना रंग विचारला जातो, कर्जाची मुदत विचारली जाते, छताला खिडकी हवी काय हेही विचारले जाते. ‘आपण रोज किती किलोमीटर चालवता आणि कोणत्या रस्त्यावर?’ हा प्रश्न आमच्या स्नेह्यांना कोणी विचारला नाही. तो विचारला गेला असता तर प्रामाणिक उत्तर एकच होते. गुरुजी, तुम्ही पेट्रोलची गाडी घ्या. मालकाच्या हस्तपुस्तिकेत जाळीविषयी पानभर मजकूर आहे हे मान्य. पण ती पुस्तिका गाडीसोबत मिळते, म्हणजे पैसे भरल्यानंतर. कारखानदार म्हणतील की इंधनातील भेसळ, वेळेवर तेल न बदलणे आणि दिव्याकडे दुर्लक्ष करणे हे ग्राहकाचे दोष आहेत. यात तथ्य आहे. गुरुजींनीही दोन आठवडे घालवलेच. तथापि ज्या यंत्राला दोन आठवड्यांचे दुर्लक्ष १,८४,००० रुपयांना पडते, ते विकताना ही गोष्ट मोठ्या अक्षरांत सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्याची नाही काय?

आता दुरुस्तीच्या दराकडे वळू. एक इंजेक्टर बिघडला तर तोच उघडून साफ करणारे कारागीर नागपुरात आहेत. अधिकृत कार्यशाळा मात्र चारही बदलण्याचा सल्ला देते, आणि तो मानला नाही तर पुढील जबाबदारी झटकते. बाहेरच्या कारागिराकडे जावे तर सुटा भाग मिळत नाही, निदान-यंत्र त्या गाडीची भाषा बोलत नाही, आणि हमी रद्द होण्याची धास्ती असते. ही मक्तेदारी आहे अशी आमच्यासारख्यांची केवळ भावना नाही. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. टाटा, महिंद्र, मारुती, टोयोटा अशी घराघरांतील नावे त्या यादीत होती. अस्सल सुटे भाग व निदान-यंत्रे स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना खुल्या बाजारात मिळू न देणे, हा ठपका. त्याच निकालात आयोगाने आणखी एक निर्देश दिला, आणि तो प्रत्येक गाडीमालकाने पाठ करावा असा आहे. बाहेर काम करून घेतले एवढ्याच कारणावरून सरसकट हमी रद्द करता येणार नाही. चुकीच्या दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल.

पुढे काय झाले? टोयोटा, फोर्ड आणि निसान या तीन कंपन्यांचा दंड अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये घटवला, परंतु गैरव्यवहाराचा निष्कर्ष मूलतः मान्य केला. इतर काही कंपन्या उच्च न्यायालयांत गेल्या. चोरखमाऱ्यापर्यंत त्या निकालाची झुळूकही आली नाही. तिरोड्याच्या मिस्त्रीला आजही निदान-यंत्र परवडत नाही आणि सुट्या भागाची छापील किंमत त्याला आधी कळत नाही. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी एक माहितीस्थळ सुरू केले. शेती-अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी अशी चार क्षेत्रे त्यात धरली होती. माहितीस्थळ चांगले, पण ते स्वेच्छेचे आहे, सक्तीचे नाही. २०२५ च्या मे महिन्यात दुरुस्तीक्षमतेचा निर्देशांक ठरवणाऱ्या समितीने आपला अहवाल दिला, तो प्रथम मोबाइल व विजेची उपकरणे यांपुरता. म्हणजे बारा हजारांचा दूरध्वनी किती दुरुस्त होण्याजोगा आहे हे पेटीवर छापले जाण्याची आशा आहे, बारा लाखांच्या गाडीचे मात्र नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर सरसकट अठरा टक्क्यांवर आला, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट. पण कर कमी झाला म्हणून जो भाग बदलण्याची गरजच नव्हती तो बदलला जाणे थांबत नाही.

इतरत्र हा प्रश्न असा वाऱ्यावर सोडलेला नाही. युरोपीय संघाने २००७ सालच्या नियमावलीनेच कारखानदारांवर दुरुस्तीची माहिती स्वतंत्र व्यावसायिकांना खुली करण्याचे बंधन घातले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये मोटार-दुरुस्तीचा हक्क प्रचंड बहुमताने मंजूर केला. तेथील कारखानदार बुडाले नाहीत.

ग्राहक न्यायालयात जा, असा सल्ला मिळतो. ग्राहक-चळवळीचे महाराष्ट्राशी नाते जुने आहे. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती १९७४ साली. केंद्राचा कायदा त्यानंतर बारा वर्षांनी आला. २०१९ च्या नव्या कायद्याने एक मोठी सोय केली. तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते, म्हणजे चोरखमाऱ्याच्या माणसाला गोंदिया पुरे. दहा ते वीस लाखांच्या वस्तूसाठी शुल्क अवघे चारशे रुपये आहे. पण पुढचे पाऊल अवघड. इंजिनात उत्पादनदोष होता हे तक्रारदाराने दाखवावयाचे. त्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल हवा, प्रयोगशाळेचे शुल्क भरावयाचे तेही त्यानेच, आणि तोवर गाडी उघडलेल्या अवस्थेत कार्यशाळेत पडून राहणार. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेस बँकेतून वळता होणार. शिवाय काजळीने जाळी भरणे हा उत्पादनदोष आहे काय? कायद्याच्या भाषेत बहुधा नाही. गाडी जशी बनवली तशीच ती वागली. चुकीच्या माणसाला, चुकीच्या रस्त्यासाठी विकली गेली एवढेच.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने गाड्या परत मागवण्याची तरतूद आली, आणि तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. परंतु ती पर्यावरणाला, चालकाला किंवा रस्त्यावरील इतरांना हानी पोचवणाऱ्या दोषांपुरती आहे. खिसा रिकामा करणारा दोष त्या व्याख्येत बसत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून गाड्यांना टक्कर-सुरक्षेचे तारे मिळू लागले, ते स्वागतार्हच. गाडी भिंतीवर आदळली तर काय होईल हे त्यावरून कळते. ती न आदळता सात वर्षे चालली तर काय खर्च येईल हे कोठेही लिहिलेले नसते.

मागणी फार मोठी नाही. डिझेल गाडीच्या विक्रीपत्रावरच, किमतीशेजारी, जाळी, इंजेक्टर, टर्बो आणि उच्चदाब पंप या चार वस्तूंची बदलण्याची किंमत मजुरीसह छापावी. किमान वापराची अट ग्राहकाकडून स्वतंत्र सही घेऊन कळवावी. धूर स्वच्छ ठेवणाऱ्या भागांची हमी निराळी आणि लांब असावी. कर्जाच्या मुदतीइतकी असली तर उत्तम. स्पर्धा आयोगाने २०१४ साली जे सांगितले ते सरकारने नियमाच्या रूपात आणावे, म्हणजे निदान-यंत्राचे दार तिरोड्याच्या मिस्त्रीला उघडेल. आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलांसमोर आजच्या बनावटीची इंजिने आणि चालू स्थितीतील निदान-यंत्रे ठेवावीत. मिस्त्री अडाणी नाही. त्याच्या हातातील पाना निरुपयोगी करून टाकण्यात आला आहे.

गुरुजींची गाडी अखेर दुरुस्त झाली. नागपुरातील एका स्वतंत्र कारागिराने दोन इंजेक्टर साफ केले, दोन बदलले, जाळी भट्टीत घालून मोकळी केली. खर्च अंदाजपत्रकाच्या निम्म्याहून कमी आला. आता ते शाळेत दुचाकीने जातात. दर रविवारी सकाळी मात्र गाडी काढतात, तिरोड्याहून गोंदियाच्या रस्त्याला लागतात आणि अर्धा तास काही काम नसताना एकसारख्या वेगाने जाऊन परत येतात. कोठे निघालात, असे कोणी विचारले तर सांगतात, ‘‘काजळी जाळून येतो जी.’’ हप्ते अजून तीन वर्षांचे उरले आहेत.